न लागलेली बत्ती

साखऱ्याचा बजरंग गाडी ताब्यात घ्यायला आला की हिंगोलीच्या जीप अड्ड्यावरचे बाकीचे ड्रायव्हर चहाचे ग्लास हातात घेऊन मजा बघायला उभे राहायचे. "आला बत्तीवाला," कुणीतरी म्हणायचंच. बजरंग तिकडे ढुंकूनही बघायचा नाही. दार उघडून बसायचा, हँडब्रेक ओढायचा, चावी अर्धीच फिरवायचा आणि मीटरकडे टक लावून बघायचा. ऑइलची, बॅटरीची, ब्रेकची अशा बत्त्या लागायच्या. त्या बोटानं मोजायचा. मग गाडी चालू करून हँडब्रेक सोडायचा, आणि शेवटची बत्ती विझल्याशिवाय गिअरला हात लावायचा नाही.

अड्ड्यावरच्या बहुतेक गाड्या ड्रायव्हरांच्या नव्हत्याच. मालक वेगळे. सकाळी मालकाकडून गाडी भाड्यानं उचलायची, दिवसभर फिरवायची, दिवस मावळता आणून लावायची. एवढ्या घाईत मीटरकडं बघायला वेळ कुणाला?

बजरंगलाही एके काळी नव्हता. मेंढरं राखणाऱ्या घरातलं हे पोरगं. बापामागं मेंढरं वळता वळता गावातल्या ट्रॅक्टरवर जाऊन बसायला लागलं आणि विशी उलटायच्या आत लायसन काढून जीपवर चढलं. ब्याण्णव सालची ही गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. पाच वर्षं सुरळीत गेली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच्याकडच्या जीपची लाल बत्ती लागली ती विझेचना. त्यानं मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, "ती रोजच लागती. तिकडं बघू नको, रस्त्याकडं बघ."

दोन दिवस बजरंगनं रस्त्याकडं बघितलं. तिसऱ्या दिवशी सेनगावच्या अलीकडं, उतारावर, समोर मेंढरांचा कळप आडवा आला आणि ब्रेकचा पाय थेट खाली जाऊन टेकला. हँडब्रेक ओढला, गाडी बांधावर घातली. आतली माणसं खरचटण्यावर सुटली. नऊ मेंढरं मात्र चाकाखाली आली.

मेंढरं मिराबाईची होती. चाळिशीतली वाळकी बाई. एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन ती रस्त्यातच बसली होती. बजरंग तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. ती शिव्या देईल, दगड मारील, असं त्याला वाटलं होतं. तिनं नुसतं विचारलं, "तुला आधी कायबी कळलं न्हाई का?"

"कळलं व्हतं, मावशी. दोन दिवस झाले, लाल बत्ती लागून व्हती."

"मग काहून आलास?"

जमलेली माणसं म्हणत होती, जाऊ दे, माणूस तर वाचलं. पण बजरंग वाकून मेलेली मेंढरं रस्त्याच्या कडेला ओढू लागला. त्याच्या बापानं आपल्या कळपातल्या नऊ मेंढ्या निवडल्या, स्वतः पायी हाकत नेऊन मिराबाईच्या दारात सोडल्या आणि पुढं महिनाभर पोराशी बोलला नाही.

त्यानंतर बजरंग एका म्हाताऱ्या मेस्त्रीच्या मागं लागला. कुठली बत्ती कशाची, कधी लागली तर थांबायचं, कधी हळूहळू गॅरेजपर्यंत न्यायचं, सगळं विचारून घेतलं. मेस्त्रीनं एक गोष्ट दोनदा सांगितली: "चावी फिरवल्यावर सगळ्या लागल्या पायजेत. जी लागतच न्हाई, तिला जास्त भ्या."

दोन हजार चारच्या वैशाखात बजरंग संपतरावांच्या गाड्यांवर होता. संपतराव म्हणजे वजनदार माणूस. पन्नास एकर जमीन, पाच जीपा, अड्ड्यावरच्या इतर मालकांतही शब्दाला मान. त्या सकाळी नांदेडच्या भाड्याची वर्दी होती. हट्टा गावचे एक मास्तर हिंगोलीला बहिणीकडं उतरले होते. तिथून सगळं घर मुलाच्या साखरपुड्याला नांदेडला निघालं होतं. मास्तरांची आई भागाबाई, बायका, लेकरं, ताटं, फुलांच्या टोपल्या. मुहूर्त साडेबाराचा. नऊ वाजता सगळे जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेसुद्धा.

बजरंगनं हँडब्रेक ओढला, चावी अर्धी फिरवली. ऑइलची बत्ती लागली. बॅटरीची लागली. ब्रेकची जागा काळीच राहिली. त्यानं हँडब्रेक सोडून पुन्हा ओढला. तरी काळीच.

"चला की," मास्तर मागून म्हणाले.

"थांबा जरा."

तो उतरून संपतरावांपुढं गेला. ते खुर्ची टाकून कडुलिंबाखाली बसले होते. "मालक, ब्रेकची बत्ती लागून नाही राहिली."

"बल्ब गेला आसंल. बल्बावर गाडी चालती का?"

"परवा तर लागत व्हती. अन् गाडी चालू केल्यावर विझतबी नव्हती. मी तवाच गाडी उभी करून तुमाला सांगितलं व्हतं."

संपतरावांनी पेपर खाली ठेवला. "मग आता लागत न्हाई ना? मिटली कटकट."

बजरंगला ते ऐकून कानात ऊन शिरल्यासारखं झालं. तो परत फिरला, पाना घेतला आणि मीटरच्या मागं हात घातला. ब्रेकच्या बत्तीच्या खोबणीत बल्ब नव्हताच. जळालेला नाही, फुटलेला नाही. कुणीतरी काढून घेतला होता. त्यानं बोनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी जवळजवळ कोरडी होती. मग बोनेट लावून तो गाडीखाली वाकला. मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेलाचा ओघळ टायरवर उतरला होता, धूळ बसून काळा झालेला.

"मी न्हाई नेणार ही गाडी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

मास्तर भडकले. "अहो, मुहूर्त आहे आमचा! आधी का नाही सांगितलं?"

संपतराव आता उठले होते. "मास्तर, याला सवयच हाय नाटकं करायची. हरिचंद, तू बस रे. घेऊन जा यांना."

हरिचंद अड्ड्यावरचा दुसरा ड्रायव्हर. रोज बजरंगची थट्टा करण्यात तोच पुढं. ग्लास ठेवून तो आला आणि स्टिअरिंगवर बसला. बजरंग जीपच्या समोर, बंपरला गुडघे टेकवून उभा राहिला.

"बाजूला हो," संपतराव म्हणाले.

"न्हाई होत."

"बजरंग, गाडी माझी हाय."

"गाडी तुमची. आत बसलेली माणसं तुमची न्हाईत." मग तो हरिचंदकडं वळला. "हरिचंद, एकच काम कर. ब्रेकवर पाय दे अन् दाबून धर. मग तुला जायचं तर जा, मी आडवा येणार न्हाई."

हरिचंदनं हसत पाय दिला. पायाखाली पायडल अडलं. त्यानं दाबून धरलं, आणि ते सावकाश, लोण्यात सुरी जावी तसं, खाली सरकत जाऊन टेकलं. त्यानं पुन्हा दाबलं. या वेळी मधे अडलंसुद्धा नाही. हरिचंदच्या तोंडावरचं हसू कधी गेलं ते त्यालाही कळलं नसेल. तो खाली उतरला.

मास्तर अजून घड्याळाकडं बघत होते. पण मागच्या सीटवरून भागाबाईंनी नातीचा हात धरला. "मला उतरवा आधी," त्या म्हणाल्या. "मुहूर्त टळला तर दुसरा काढता येतो, बापू." म्हातारी उतरली तशा सुना उतरल्या, लेकरं उतरली, टोपल्या उतरल्या. शेवटी मास्तरही. एसटी स्टँडकडं जाताना भागाबाई बजरंगजवळ थांबल्या. टोपलीतलं मोगऱ्याचं एक फूल त्याच्या हातावर ठेवलं आणि लगबगीनं पुढं गेल्या.

संपतरावांनी चावी मागून घेतली. "हिंगोलीत आता तुला कोण गाडी देतं तेच बघतो."

"बघा," बजरंग म्हणाला.

आणि खरंच कुणी दिली नाही. इतर मालकांकडं निरोप आधीच पोचलेला असायचा. तो पावसाळा बजरंगनं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर पेरण्या करण्यात काढला, नंतर बापाच्या मेंढरांमागं फिरला. शिवकन्या, त्याची बायको, शेरडं सांभाळून घर ओढत होती. पोळ्याच्या सुमारास संपतरावांचा माणूस साखऱ्याला आला. अड्ड्यावर येऊन चार लोकांत चूक झाली म्हण, नवी गाडी तुझ्या हाती देतो, असा निरोप होता.

शिवकन्या दारात शेरडाचं दूध काढत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "चूक काय झाली म्हणायची? बल्ब ह्यांनी काढला व्हता का?"

माणूस गडबडला. "तसं न्हाई वहिनी, मालकाचा मान..."

"मानासाठी तुमीच जाऊन म्हणा की. आमाला काम हाय."

बजरंग मोठ्यानं हसला. कित्येक महिन्यांनी इतकं हसला. माणूस तसाच परत गेला.

पण अड्ड्यावर एक गोष्ट घडून गेली होती, ती त्याला उशिरा कळली. त्या दिवसानंतर हरिचंद संपतरावांची दुसरी जीप उचलताना स्वतःच चावी अर्धी फिरवून बसू लागला. एकदा ऑइलची बत्ती लागली नाही, तर बल्ब आणून बसवेपर्यंत तो बाहेर पडला नाही. मग त्याचं बघून आणखी दोघं. मालक करवादायचे, "एक बत्तीवाला गेला अन् तीन झाले." पण तिघांना एकदम काढलं तर गाड्या दारातच उभ्या राहिल्या असत्या. त्याच सुमारास आखाडा बाळापूरच्या एका मालकानं बजरंगला बोलावून घेतलं. त्याच्याकडंही संपतरावांचा निरोप गेला होता, पण त्याचे स्वतःचे लेक-जावई त्याच्याच गाडीनं ये-जा करायचे. त्याला असाच हट्टी माणूस हवा होता.

बजरंग नेहमीच बरोबर ठरला असं मात्र नाही. दोन हजार सातला कळमनुरीजवळ चालत्या गाडीत ब्रेकची बत्ती लागली आणि त्यानं गाडी तिथंच उभी केली. लग्नाचं वऱ्हाड दोन तास उन्हात ताटकळलं, जेवणाची पंगत उठून गेली. मेस्त्री आला तेव्हा निघालं काय, तर वायरीचं कातडं घासून गेलं होतं, ब्रेक ठणठणीत. वऱ्हाडातल्या पोरांनी त्याला फैलावर घेतलं. नवरदेवाचा मामा म्हणाला, "एका वायरीपायी आमची पंगत घालवलीस. लाज वाटत न्हाई?"

मेस्त्रीनं वायरीला पट्टी गुंडाळली, बत्ती विझली, तसं बजरंगनं बोनेट खाली आपटलं, हात चिंधीनं पुसले.

"न्हाई वाटत," तो म्हणाला. "उद्या बत्ती लागली तर उद्याबी थांबन. बसा आता. ज्याला चालत जायचं त्यानं चालत जा."

कुणी चालत गेलं नाही. कुरकुरत, शिव्या देत, एकेक करून सगळे गाडीत चढले.