बाईच्या भूमिकेतली बाई

आमच्या ह्यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली, आणि भांडण होतं लुगड्यावरून. साठच्या दशकाची सुरुवात होती. सावंतवाडीचं कॉलेज नवंनवं होतं आणि त्यात आम्ही मुली मोजून सात. आदल्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकात नायिका ह्यांनी केली होती. कंबर बारीक, आवाज गोड, त्यामुळे यंदाही लुगडं आपल्यालाच मिळणार हे ते धरूनच चालले होते. पण नाटक बसवणारे सर म्हणाले, वर्गात खऱ्या मुली असताना खोटी कशाला. नायिका मला मिळाली आणि ह्यांना प्रॉम्प्टर केलं.

कॉलेजात सगळे शुद्ध मराठी बोलायचे आणि मुलामुलींत अहोजाहो चालायचं. तालमीच्या दुसऱ्याच दिवशी हे माझ्यापाशी आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुमचं चालणं बाईसारखं वाटत नाही."

"एकोणीस वर्षं मी अशीच चालतेय," मी म्हटलं.

"स्टेजवर तेवढं पुरत नाही."

मग पदर कसा सावरायचा, मान किती खाली घालायची, अंगठ्याने जमीन कशी उकरायची, हे सगळं त्यांनी मला करून दाखवलं. खरं सांगते, माझ्यापेक्षा ते फारच छान लाजायचे. मला आधी त्यांचा राग आला, मग हसू आलं, आणि तालमी संपेपर्यंत त्यांच्यावाचून करमेनासं झालं.

गॅदरिंगला ह्यांची आई पिंगुळीजवळच्या गावातून शेजारणींना घेऊन बैलगाडीने आली. आमच्याकडे दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात. जन्मभर तेच पाहिलेल्या माणसाला नाटकात खरी बाई असेल हे सुचणार कुठून? छापील कागदावर माझं नाव होतं, पण त्यांना वाचता येत नव्हतं. मुलगा पडद्यामागे अडकलेला, म्हणून त्या त्याला न भेटताच परत निघाल्या. गाडीत शेजारणींना म्हणाल्या, "झील बरा काम करता, पण चलता मात्र पुरुषासारखो. माझ्या झिलाची सर तेका नाय." त्यांनी मला झील, म्हणजे मुलगाच, ठरवलं होतं हे मला पुढे त्या शेजारणींनीच सांगितलं.

कॉलेज संपलं. ह्यांना कणकवलीला शाळेत नोकरी लागली आणि मी मालवणजवळ माझ्या घरी परतले. बाबांना मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "त्यांच्या घरून मागणी येऊ दे. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो, मग मुंबईच्या स्थळाला होकार कळवतो." तिकडे ह्यांनी सुट्टीत घरी जाऊन विषय काढला.

"आये, त्या नाटकातल्या नायिकेशीच माका लगीन करूचा आसा."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "आपल्या घराण्यात असा आजून कोणी करूक नाय."

"आता काळ बदललो. मुंबयत अशी लग्ना सर्रास होतत."

"मुंबयत काय होता ता होवंदे. तू खंयचाय चेडू हाड, काळा-गोरा मी बघूचंय नाय. पण ह्या नको."

ह्यांना वाटलं, बाकी कुठलंही चेडू, म्हणजे मुलगी, आणली तरी आईला चालेल, पण नाटकात काम करणारी सून नको आहे. तसंच त्यांनी मला पत्रात कळवलं, आणि तरीही आईला माझ्या बाबांचं नावगाव सांगून ठेवलंय, असंही लिहिलं. त्या नाटकाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. दिवाळी आली. तुळशीचं लग्न दोन आठवड्यांवर आलं. मुंबईच्या स्थळाचं पत्र बाबांच्या खिशात होतं.

एका सकाळी मी आईबरोबर घरापुढच्या खळ्यात, अंगणात, पोहे कांडत होते. एक अनोळखी बाई तरातरा आत आली. "नाटकात काम करणारो झील ह्याच घरातलो मा? तेच्या बापाशीक भायर बोलव. सांग, झिलाक आवर घाल म्हणान."

"तो झील न्हय," मी म्हटलं. "नाटकात मीच होतंय."

"चेष्टा करू नको."

ह्याच ह्यांच्या आई, हे माझ्या ध्यानात आलं, मग मुसळ हातात धरूनच मी नायिकेचं रडण्याचं भाषण म्हणून दाखवलं. त्या पुढे आल्या, माझी वेणी धरली आणि खोट्या केसांचा टोप निघतो का ते पाहायला अशी हिसडली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वेणी निघाली नाही. तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"गो बाय," त्या पायरीवर बसत म्हणाल्या, "मगे तू चेडूच."

माझी आई हसून हसून लोळायची बाकी होती. मला मात्र हसू येईना. कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेतला आणि मी तिथेच हमसाहमशी रडले.

बाबा बाहेर आले. सगळं ऐकल्यावर पत्रिका आणायला आत जायला निघाले, तर सासूबाईंनी त्यांना अडवलं. बरोबर काही आणलेलं नव्हतं, भांडायलाच तर आल्या होत्या. आमच्याच डब्यातली साखर त्यांनी कागदात बांधून घेतली आणि तो पुडा माझ्या हातावर ठेवला. आपला साखरपुडा झाल्याचं ह्यांना चौथ्या दिवशी बाबांच्या पोस्टकार्डावरून कळलं.

रंग, उंची, पत्रिका, देणंघेणं, सासूबाईंनी कशाचीही चौकशी केली नाही. त्यांची अट एकच होती, आणि ती मी जन्मतःच पूर्ण केली होती.