जेठाची जाळी

तापीबाईला राग यायला फारसं काही लागायचं नाही, हे गल्लीला ठाऊक होतं. पण बासष्ट सालचा तो राग वेगळा. तो तिला चढवला तिच्या जेठाने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, आणि तोही नव्याकोऱ्या लोखंडी जाळीने.

शहाद्याच्या बाजूला, तापीकाठच्या त्या गावात दोघा भावांचे वाडगे, म्हणजे घराला लागून असलेली गुरांची आवारं, एकमेकांना लागून. मधे मातीची भिंत होती. त्या पावसाळ्यात ती बसली. थोरला भटूआबा नंदुरबारला जिनात कापूस घालायला गेला होता. तिथे त्याने तारेच्या विणलेल्या जाळीचं कुंपण पाहिलं आणि गडी हरखला. मातीची भिंत काय कोणीही घालतं! आठ दिवसांत लोखंडी खांब रोवून त्याने वाडग्यांच्या मधे जाळी ताणली. गाव बघायला लोटलं. आबा जाळीला हात लावून लोकांना सांगायचा, वारा येतो, उजेड येतो, वाळवी लागत नाही.

एवढ्या मोठ्या शहाण्या माणसाच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. जाळीतून दिसतं. आणि पलीकडे धाकट्या भावाची बायको राहते.

त्या घरांत भावजय जेठासमोर तोंड उघडं टाकत नसे. पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. जेठही तिच्याशी बोलायचा नाही. चौदा वर्षं तापीबाईने हे बिनतक्रार पाळलं होतं, कारण आबा घरी यायचा सणावाराला, तेही घटकाभर. आता मात्र आबाने जाळीला लागूनच खाट टाकली. सकाळी दातण, दुपारी झोप, संध्याकाळी चिलीम, सगळं तिथेच. स्वतःच्या अंगणात तापीबाई दिवसभर एका हाताने पदर धरायची आणि दुसऱ्या हाताने शेण, पाणी, ताक, सगळं उरकायची. एकदा पदरातून वाट दिसली नाही आणि दुधाची कासंडी उलटली. दूध मातीत जिरलं, आणि तिचं डोकं तापलं ते तापलंच.

नवऱ्याला, सुकलालला, तिने जेवता जेवता गाठलं.

"आयकतस का? मी मन्हा घरमा शे का चौकीमा? पदर धरी धरी मन्हा हात वाकडा व्हई गया!"

"आबासले मी कसं सांगू? मोठा भाऊ शे," सुकलाल म्हणाला आणि त्याने भाकरीत तोंड खुपसलं.

जेठाशी बोलायची चोरी, नवरा असा मुखदुर्बळ. मग तापीबाईने म्हशीला धरलं. धार काढताना पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणायची, "तुनं बरं शे व माय! उघडं डोकं लिसन फिरस. तुन्हा जेठ नही ना समोर खाट टाकीसन बठेल!"

आबा कूस बदलायचा. खाट हलायची नाही.

तेव्हा तिनेच ती जाळी लाकडाने झाकायचं ठरवलं. नवं लाकूड घेणं तर शक्यच नव्हतं. वाण्याला जोंधळ्याच्या बिबड्या, म्हणजे जाड पापड, देऊन तिने चहाची रिकामी खोकी आणली, ती फोडून फळ्या काढल्या. मोडक्या गाडीच्या फळ्या गोठ्याच्या माळ्यावर पडून होत्या, त्या उतरवल्या. खाली भर घालायला तुरखाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काटक्या. जाळीत खिळा बसत नाही, हे पहिल्याच घावाला कळलं. मग तिने लोखंडी सळई चुलीत लाल केली, एकेका फळीला डाग देऊन भोकं पाडली आणि जुन्या तारेने फळ्या जाळीला बांधल्या. हात पोळले, नखं तुटली. तीन दिवसांत कुंपण उभं राहिलं. कुठे चहाच्या कंपनीचा शिक्का, कुठे गाडीचा जुना रंग. रूप म्हणाल तर अगदी बहुरूप्याचं. पण त्याच्या आड तापीबाईने पदर खाली टाकला आणि चार दिवस मोकळ्या मानेने दळण निवडलं.

पाचव्या दिवशी ती शेतात गेली. आबाने हवेला ऐकवलं, "मन्ही नवी जाळी, अन् तिन्हावर ह्या चिंध्या! लोके काय म्हनतीन?" आणि दिवाल्या सालदाराला पक्कड देऊन सगळ्या तारा तोडायला लावल्या.

तापीबाई परतली तेव्हा फळ्यांचा ढीग तिच्या अंगणात पडला होता. पलीकडे आबा खाटेवर बसून चिलीम भरत होता. डोक्यावरचा चाऱ्याचा भारा तिने आपटला. पदर ओढायला हात वर गेला, आणि तिथेच थांबला. मग तिने पदर खांद्यावर टाकला, कमरेला खोचला आणि थेट जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

"आबा, आठे देखा! चौदा वरीस तुमले तोंड दखाडं नही. आते पोटभर देखी ल्या. मन्ह्या फळ्या तोडाले तुमले लाज नही वाटनी, मंग मी काबर लाजू?"

आबाच्या हातातली चिलीम सांडली. भावजयीचं उघडं तोंड बघणं म्हणजे जेठाचीच नाचक्की. त्याने पाठ फिरवली. खाट तशीच टाकून तो घरात शिरला.

दुसऱ्या दिवसापासून तापीबाई उघड्या डोक्याने अंगणात वावरू लागली. जाळीकडे तोंड करून केस वाळवायची, जाळीकडे तोंड करून भांडी घासायची. आबाची मात्र आपल्याच अंगणात यायची पंचाईत झाली. त्याची बायको गजराबाई आतून खिजवायची, "काय हो, तुमनी जाळी बाहेर वाट देखी ऱ्हायनी! वारा येस, उजेड येस!"

आठव्या दिवशी दिवाल्या आला, मान खाली घालून. "आबानी धाडं, बाई. फळ्या द्या, बांधी देस."

"त्या चुल्हामा गयात," तापीबाई म्हणाली. "आबासले सांग, आते सोतानं लाकूड आना."

आणावं लागलं. तेही सागाचं, कारण खोक्याच्या फळ्या आबाच्या जाळीला शोभणार नव्हत्या. शेवटची फळी बांधून झाली तेव्हा पलीकडून आबा दिवाल्याला म्हणाला, "तिले सांग, झाकाई गयं बठ्ठं."

"मले आयकू येस, आबा," तापीबाईने परस्परच उत्तर दिलं. डोकं अजून उघडंच होतं. "खाले वीतभर फट ऱ्हायनी. तठीन तुमन्या कोंबड्या येतस. तीबी आजच बुजा."