तांब्यावरचा पेला

लातूरच्या आमच्या क्लासच्या सर्व्हर रूममध्ये कपाटावर एक तांब्या आणि त्यावर उपडा पेला असे. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी अशी भांडी ठेवत. जमीन हलली की पेला पडायचा आणि माणसं बाहेर पळायची. पुढे लोकांनी ती भांडी उचलली. आमचे संगणक सांभाळणाऱ्या अण्णांनी उचलली नाहीत. मुलं त्यांना पेलाअण्णा म्हणत. कोणी विचारलं तर अण्णा एवढंच म्हणायचे, "पडला न्हाई, म्हणजे बरं चालू हाय."

अण्णा कॉलेजात असताना त्यांचं गाव भूकंपात गेलं होतं. त्याबद्दल ते बोलत नसत.

क्लासच्या एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चार आभासी मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालत. परीक्षेचं एक, निकालाचं एक, हजेरी आणि फीचं एकेक. त्यांना सांभाळणाऱ्या हायपरवायजर या सॉफ्टवेअरचा परवाना महाग झाला, तेव्हा चारही मशीन एका नव्या सर्व्हरवर, दुसऱ्या हायपरवायजरवर न्यायचं ठरलं. अण्णांची पद्धत संथ होती. जुन्या व्यवस्थेची साधनं आधी काढायची, नव्या व्यवस्थेचे ड्रायव्हर आत घालायचे, मग मशीन बंद करून त्याच्या डिस्कची प्रत नव्या रूपात उतरवायची. मूळ डिस्क मात्र पुसायची नाही.

शुक्रवारी चारही मशीन नव्या सर्व्हरवर सुरू झाली. संचालक सरांना जुना सर्व्हर त्याच दिवशी नांदेडच्या नव्या शाखेला पाठवायचा होता. गाडी दारात उभी होती.

"सुरू झाली ना? मग पुसा आणि गाडीत घाला," सर म्हणाले.

"सुरू झाली, सर. पण वजन कुठं उचललंय? रविवारचा पेपर होऊ द्या."

"तुमचा जीव त्या जुन्या डब्यात अडकलाय, अण्णा. नांदेडवाल्यांना उत्तर तुम्हीच द्या."

"देतो की."

गाडी रिकामी गेली.

रविवारी सगळ्या शाखांची मुलं पेपरला बसली आणि पडद्यावर आलं, परीक्षा अजून सुरू झालेली नाही. नव्या हायपरवायजरने परीक्षेच्या मशीनला भारताची नव्हे, जागतिक प्रमाणवेळ दिली होती. मशीनच्या लेखी अजून पहाट होती. अण्णांनी डिस्क, नेटवर्क, ड्रायव्हर सगळं तपासलं होतं. घड्याळ तेवढं पाहिलं नव्हतं.

सर म्हणाले, घड्याळ पुढे करा आणि मोकळे व्हा. अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

"एक चुकलेलं दिसलं, सर. न दिसलेलं काय हाय, कुणाला ठाऊक? चूक माझी. पोरांवर नको."

त्यांनी नवं मशीन बंद करून जुनं सुरू केलं. प्रश्नपत्रिका बनवणं माझं काम. त्या जुन्या मशीनवर मी पेपर पुन्हा चढवला. परीक्षा उशिरा, पण झाली. त्यानंतर जुना सर्व्हर कधी न्यायचा, हे सर अण्णांना विचारू लागले.

पुढचा पेपर नव्या मशीनवर नीट पार पडला, मगच तो सर्व्हर नांदेडला गेला.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. त्यांच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला मी त्यांच्या पुनर्वसित गावी गेलो. भूकंपानंतर मिळालेलं घर धड होतं, भिंतींना तडा नव्हता. अंगणात पत्र्याखाली एक बाज होती, तिच्यावर अंथरुणाची वळकटी. वहिनींनी माझी नजर पाहिली.

"तिथंच निजायचे. पावसाळ्यातबी. घर चांगलं हाय, आत या म्हणलं, तर म्हणायचे, अजून बघायलोय."