हाडातले मणी

१९८६ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. चिरेखाणीत नडगीवर जांभ्या दगडाचा चिरा पडून झालेली जखम चार वर्षं वाहत होती, हाड आतून कुजलं होतं. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, औषधाचे मणी तारेत ओवून हाडाच्या पोकळीत ठेवू, औषध तिथल्या तिथं झिरपेल. नाहीच साधलं, तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. मी घाबरलो होतो, पण दाखवलं नाही. म्हटलं, देवाला विचारून सांगतो.

गावच्या देवळात गुरवानं कौल लावला. देवाच्या मूर्तीवर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. बराच वेळ एकही पडेना. माझी चुळबूळ बघून गुरव म्हणाला, "तुझ्या घाईनं ती पडायची नाय." शेवटी उजवी पडली.

मणी बसले. पंधरा दिवसांनी डॉक्टर तार ओढून रोज एकच मणी काढू लागले. आतली जागा भरेल तसा पुढचा. पण शिमगा तोंडावर आलेला. देवाच्या पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान आमच्या घराण्याचा, आणि वाहत्या जखमेनं पालखीला शिवायचं कसं, म्हणून चार वर्षं तो पुतण्याकडे. मी म्हटलं, "सगळे एकदम काढा. पालखीला खांदा लागतो."

"आणि खांद्याखाली पाय नकोत का, आजोबा?" डॉक्टर म्हणाले. सगळा वॉर्ड हसला. मला ते लागलं.

दुपारी वॉर्डातली माणसं आडवी झाली होती. नऊ मणी उरलेले. माझा जीव खाटेवर ठरेना. पट्टीबाहेरचं तारेचं टोक मी बोटाला गुंडाळलं. शेजारच्या खाटेवरच्या लेकाला भेटायला राजापूरकडची एक म्हातारी आली होती. माझ्या कौलाची बढाई तिनं सकाळीच ऐकलेली.

"ओ बाबा," ती हळूच म्हणाली, "कौल मागितलाव ना? मग पाकळी आपल्या हातानं पाडताव काय?"

मी तार सोडली. कानात ढोल वाजतच होता, पण हात मागं घेतला. म्हातारी संध्याकाळच्या एस्टीनं गेली, नाव विचारायचं राहिलं. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. तिला त्या घडीला कुणी बोलायला लावलं, ते मात्र मी जाणतो. त्या शिमग्याला पालखी माझ्यावाचून नाचली. पुढच्या वर्षी माझ्या खांद्यावर होती, आणि मी दोन्ही पायांवर. कौल मागून झाल्यावर हात आवरायला मी म्हातारपणी शिकलो, तेही देवानंच शिकवलं.

तार सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, तेव्हा दोन्ही हात डोक्याखाली घेऊन मी पाय त्यांच्यापुढं केला. किती मणी राहिले, ते विचारलं नाही.