हळूबाई बोगद्यात शिरते

तिचं खरं नाव हजेरीपुरतं. बायका तिला हळूबाई म्हणायच्या. "हळू गं, हळू चढ, हळू वळ," हा तिचा दिवसभराचा जप. स्वतः मात्र व्हरांड्यातून निघाली की बाकावर बसलेले लोक आपापले पाय आत ओढून घ्यायचे. अंगानं ऐसपैस, आणि हसणं अंगाहून ऐसपैस.

इस्पितळाच्या तळघरात एमआरआयचं यंत्र होतं. पांढरा धोट बोगदा आणि त्यात सरकत जाणारा अरुंद पलंग. ते हळूबाई चालवायची. सध्या तिथं गरोदर बायकांच्या चरबीचा अभ्यास चालला होता. चरबी किती, एवढंच नव्हे, ती कातडीखाली बसलीय की आत आतड्यांभोवती, आणि पोट वाढत जातं तशी ती कुठं सरकते, हे डॉक्टरीणबाईंना बघायचं होतं. त्यासाठी प्रत्येकीची चित्रं दोनदा काढायची, एकदा सुरुवातीला आणि एकदा आठव्या महिन्यात. नवीन बाई घाबरली की हळूबाई सांगायची, "वजनकाटा नुसता ओरडतो गं. हे यंत्र सामान कुठल्या खोलीत ठेवलंय ते दाखवतं. क्ष-किरण नाहीत यात, चुंबक आहे नुसतं. आवाज मात्र असा करतं, की शेजारी पत्रे ठोकतायत!"

त्या बायकांत एक शिंपीण होती. चांगली जाडजूड, मुखदुर्बळ, पहिलटकरीण. पहिल्या खेपेला तिच्या कॉलरीतून टाचण्याच टाचण्या निघाल्या. "काय गं, साळिंदर आहेस का?" म्हणून हळूबाई खो खो हसली, तीही हसली. दोघींचं तिथंच जमलं.

आणि तिथंच बिघडलंही. शिंपीण आत होती, चित्रं निघत होती. काचेच्या अलीकडे हळूबाईचं तोंड सुटलं. "डॉक्टरीणबाई, आत्ताच ही दोन्ही कडांना टेकलीय. आठव्या महिन्यात आत ढकलायला चार हमाल लावा!"

बोलून झाल्यावर तिचं लक्ष गेलं. माईकचं बटण चालूच होतं.

शिंपीण बाहेर आली, कपडे घातले, टाचण्या गोळा केल्या. दारात थांबून म्हणाली, "तुमचा आवाज आत फार छान ऐकू येतो हो." आणि गेली.

आठवा महिना लागला तशी हळूबाईनं फोन लावायला सुरुवात केली. शिंपीण उचलेना. दुसरी चित्रं नाहीत म्हणजे पहिलीही वाया. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जाऊ दे, दुसरी कुणी बघू."

हळूबाईला जाऊ देता येईना. जन्मभर अंगावरून टोमणे खाल्लेली बाई ती, आणि तेच तिनं दुसरीच्या कानात ओतलं होतं. घरी तिचं तोंड बंद झालं तसा नवरा धास्तावला. सगळं ऐकून म्हणाला, "फोनवर कसली माफी मागतेस? पाय मोडलेत का तुझे?"

शिंपिणीचं दुकान एवढंसं. पायमशीन, खडूची भुकटी, तापल्या इस्त्रीचा वास. शिंपीण एका थोराड गिऱ्हाइकाची मापं घेत होती. फीत फिरवायची, बघायची, मुकाट्यानं कापडाच्या तुकड्यावर खडूनं लिहायची.

"किती भरलं गं?" त्या बाईनं बिचकत विचारलं.

"तुमच्या कपड्याला लागेल तेवढं," शिंपीण म्हणाली. हळूबाईच्या ते काळजात रुतलं.

बाई गेल्यावर शिंपीण वळली. "काही शिवायचंय?"

"तोंड शिवून घ्यायला आलेय बाई. माती खाल्ली मी."

शिंपिणीच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही. खुर्चीवर बसत ती म्हणाली, "ताई, मी जाडी आहे, मला ठाऊक आहे. पण तुम्ही बोललात तेव्हापासून वाटतं, बाहेरून मी मावत नाही, मग ते लेकरू आत कसं मावत असेल? माझ्या चरबीत गुदमरत असेल. घास उतरत नाही हो."

हळूबाईचे डोळे भरले. "नाही गं राणी. त्याची पिशवी वेगळी, त्याची खोली वेगळी. ये, तुला दाखवते."

"येईन. पण आधी तुम्ही झोपायचं त्यात. मी काचेतून बघणार."

इतकी वर्षं हळूबाईनं लोकांना आत घातलं, स्वतः कधी गेली नव्हती. बंद जागेचं तिला इतकं भय, की लिफ्ट सोडून जिने चढायची. पण मान हलवली.

ठरल्या दिवशी तिनं कानातलं काढलं, केसांतल्या पिना काढल्या. गाऊनचे बंद पाठीमागे पुरेनात. शिंपिणीनं पुढं होऊन ते कसेबसे जुळवले. "कापणाऱ्यानं कापड चोरलंय," ती पुटपुटली. पलंग आत सरकला. दोन्ही कोपरं भिंतींना टेकली, छत नाकाशी आलं, आणि हळूबाईला दरदरून घाम फुटला.

"काढा मला! अहो, बाहेर काढा!"

कानात शिंपिणीचा आवाज आला. "डोळे मिटा ताई. मी इथंच आहे. बसलात की व्यवस्थित! थोडी जागासुद्धा उरलीय."

बाहेर आल्यावर हळूबाई पलंगाच्या कडेला धापा टाकत बसली. "मेले होते गं."

"तुम्ही मावलात," शिंपीण म्हणाली, "म्हणजे मीही मावेन."

शिंपीण डाव्या कुशीवर, पाठीला उशी, गुडघ्यांत उशी. पोट भिंतीजवळून जेमतेम गेलं, पण गेलं. यंत्र ठोकू लागलं. पडद्यावर पहिलं चित्र आलं ते सगळं फिसकटलेलं.

"हलली वाटतं," डॉक्टरीणबाई वैतागल्या.

हळूबाई पडद्याकडे वाकली आणि तिनं मुद्दाम बटण दाबलं. "अगं ए, तू नाही हललीस. तुझं पोरगं हललंय! लोळतंय, लाथा झाडतंय. गुदमरलेलं माणूस असं लोळतं होय?"

बोगद्यातून एक हुंदका आला, आणि त्याच्या मागोमाग हसू. ते काही केल्या थांबेना. पुढचं चित्रही फुकट गेलं.

"तिला गप्प राहायला सांग की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हसू दे हो," हळूबाई म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलून बसली. "पुन्हा काढू."