सुकेळ्यांची राखण

माझी आजी वेडी नाही, पण तिच्याशी वाद घालणाऱ्याला आपणच वेडे आहोत असं वाटायला लागतं. वसईजवळ निर्मळला तिची केळीची वाडी आहे. सुकेळी करायला राजेळी केळी सोलून अंगणात चटईवर वाळत घातली, की फाटकातून येईल तो तिचा राखणदार. पोस्टमन, गॅसवाला, एकदा तर जमिनीचा दलाल. हातात काठी द्यायची, "कावळे हाकल, मी आलेच," म्हणायचं आणि आत जाऊन खुशाल झोपायचं. दलाल बिचारा तासभर बसला. जमिनीचा विषय काढायचंच विसरला आणि जाताना तिच्या पाया पडून गेला.

अशी बाई घरात असताना मी सोडते की काय! मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली आणि तिला उचलून थेट वसईच्या वेढ्यात नेऊन बसवलं. तिकडे किल्ल्यावर तोफा धडाडतायत आणि इकडे म्हातारीने चटईच्या एका टोकाला पोर्तुगीज शिपाई बसवलाय, दुसऱ्या टोकाला मराठा. दोघांच्या हातात काठ्या. उठायची हिंमत एकाचीही नाही. शेवटी मात्र तोफेचा गोळा येतो आणि म्हातारी जाते. ते लिहिताना मी स्वतःच रडले, म्हणजे जमलं असणार.

पण तिला वाचून दाखवल्याशिवाय प्रकाशकाकडे पाठवायचं नाही, हे ठरलेलं. उद्या सगळं गाव तिला हसणार होतं. ती नको म्हणाली असती तर पुस्तक तिथेच संपलं असतं. हस्तलिखित घेऊन नायगावहून स्कूटरने तिच्याकडे निघाले.

अंगणात बसून तिने सगळं ऐकलं. एकदाही हसली नाही.

"माझी टिंगल केलीस," ती म्हणाली.

"हो, आजी."

"कर. मी आहेच तशी. पण मारलीस कशाला?"

"वाचताना मुलांना रडू यावं म्हणून."

"आणि संध्याकाळी चटई कोण उचलणार? ते दोघे? त्यांना काय कळतंय?"

किती आवडते मला ही बाई, हे त्या क्षणी तिला सांगायला हवं होतं. तेवढ्यात तिने काठी माझ्या हातात दिली. "तिला जिवंत कर. मी आलेच."

मग एका हाताने कावळे हाकलत मी शेवटच्या पानावर काट मारली. गोळा खाडीत टाकला. म्हातारी पदर खोचून चटई उचलायला आली आणि दोन्ही शिपाई उठून उभे राहिले. आतून आजीचं घोरणं ऐकू येत होतं. ते ऐकू येतंय तोवर जागचं उठायचं नाही, असं मी ठरवलं.