वनिताताईंच्या मनगटातले दोन ठोके

भुताखेतांच्या या ग्रुपवर मी बराच काळ नुसती वाचक आहे. इथले चकवे आणि पांढऱ्या साड्या वाचताना बहुतेक वेळा मी हसलेच आहे, खोटं कशाला बोलू... माझं माहेर चिपळूणजवळचं. तिथे म्हणे प्रत्येक वळणावर कोणीतरी बसलेलं असतं. मला आयुष्यात कोणी भेटलं नाही. त्यामुळे हे लिहायला बसले तर माझं मलाच कसंसं होतंय. पण ही गोष्ट भीतीची नाही. आजही आठवली की मी जागेवर बसू शकत नाही, इतकी ती आनंदाची आहे. आणि ती घडली भर सकाळी, माणसांनी भरलेल्या वर्गात.

मी स्मिता, राहायला विरार पश्चिमेला, बोळिंजमध्ये. कामणच्या एका गोदामात पॅकिंगला होते. ते गोदाम दुसरीकडे हललं आणि सदतिसाव्या वर्षी मी घरी बसले. तेव्हा वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीच्या बाजूला असलेल्या एका कम्युनिटी कॉलेजची जाहिरात दिसली. रुग्णसेवेचा एक वर्षाचा कोर्स, दहावी पास चालेल, वयाची अट नाही. नवरा म्हणाला, जा, बघ तरी. पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, तू डॉक्टर वाटतेस." त्या एका वाक्यावर मी महिनाभर उडत होते.

आमच्या वर्गात बहुतेक विशीतल्या मुली. चाळिशीच्या आसपासच्या आम्ही दोघीच — मी आणि वनिताताई. ताई खाडीकाठच्या गावातल्या, आगरी, बेचाळीस वर्षांच्या. घरची भाताची शेती, थोडा भाजीपाला. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली, मूल नाही. दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं, हे त्यांनी मला डबा खाताना एकदाच सांगितलं होतं. पुन्हा तो विषय काढला नाही, मीही नाही.

शिकवायला ब्रिजिट मॅडम. वसईच्याच, कॅथलिक, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या सिस्टर. चादरीला एक सुरकुती दिसली तरी पूर्ण बेड पुन्हा करायला लावायच्या.

त्या आठवड्यात पल्सचं, म्हणजे नाडी मोजण्याचं प्रॅक्टिकल सुरू झालं. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवायची, पंधरा सेकंद ठोके मोजायचे, त्याला चारने गुणायचं आणि आकडा वहीत लिहायचा. माझी जोडी अर्थातच वनिताताईंशी.

मी बोटं ठेवली आणि मोजायला लागले. पंधरा सेकंदांत चाळीस.

म्हणजे मिनिटाला एकशे साठ. चुकलं वाटून परत मोजले. एक्केचाळीस. मी वहीत १६०, १६४ असं प्रामाणिकपणे लिहून टाकलं. मॅडमनी वही बघितली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एकशे साठ पल्स असलेला पेशंट असा गप्पा मारत बसेल का, म्हणाल्या. अंगठा तर लावला नाहीस ना, असंही विचारलं, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि नवीन मुली तीच मोजतात. अंगठा लावला नव्हता. मॅडमनी स्वतः ताईंचा हात धरला — अठ्ठ्याहत्तर. बोटाला लावायचं मशीन लावलं — अठ्ठ्याहत्तर. माझी स्वतःची नाडी चौऱ्याऐंशी निघाली. मग मला शेजारच्या चार मुलींची मोजायला लावली. चारही आकडे मशीनशी जुळले.

पुन्हा ताईंचा हात. पुन्हा चाळीस.

मुली हसायला लागल्या. ताई पण हसल्या. मी मात्र चक्रावले होते. घरी येऊन नवऱ्याची, मुलीची, समोरच्या काकूंची नाडी मोजली. सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी ताईंचा हात धरला, तेव्हाही तेच. खरं सांगते, मला भीती अशी वाटलीच नाही. काहीतरी मोठं दाराशी येऊन उभं आहे आणि मला कडी सापडत नाही, असं काहीसं वाटत होतं. रात्रभर तळमळत होते.

तिसरा दिवस गुरुवार. कॉलेजच्या खालच्या मजल्यावर फिटनेसचा कोर्स चालतो. ताईंचं वजन वाढत होतं, म्हणून त्या आमचा वर्ग सुटल्यावर तिथे उड्या मारायला, वजनं उचलायला जायच्या. त्यातच कंबर धरली होती. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे लिहून दिला होता, तो शुक्रवारी सकाळी काढायचा होता. हे सगळं त्या सांगत असताना मी म्हटलं, ताई, आज मला पूर्ण एक मिनिट हात द्या, घाई करू नका. त्यांनी हात पुढे केला. मी डोळे मिटले.

आणि मला कळलं की ठोके दोन आहेत.

एक संथ, खाली, दणकट. तो ताईंचा. त्याच्यावर दुसरा — बारीक, भरभर. कोंबडीचं पिल्लू मुठीत धरल्यावर तळहाताला कसं लागतं, तसा. हा मी आधी कुठेतरी ऐकलाय, असं वाटलं आणि पुढच्या क्षणी आठवलं. माझ्या मुलीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पोटाला मशीन लावून ऐकवला होता तोच.

मी हळूच विचारलं, ताई, तुमची पाळी शेवटची कधी आली होती?

त्यांनी हात काढून घेतला. अडीच-तीन महिने झाले असतील, म्हणाल्या, आता बंद व्हायचंच वय आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं मी काय विचारतेय ते.

"मना परत ते नाय सोसनार, स्मिता," त्या म्हणाल्या. "ते नको बोलू."

पिशवी उचलून त्या निघून गेल्या. खाली फिटनेसच्या वर्गालाही गेल्या नाहीत. मला इतकं वाईट वाटलं... पण दुसऱ्या दिवशी एक्स-रे होता. पोटात खरंच बाळ असलं आणि त्या किरणांनी उगाच काही झालं तर? संध्याकाळी हिंमत करून मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या की मनगटाला बाळाची नाडी लागणं शक्यच नाही, हे डोक्यातून काढून टाक. पण पाळी चुकलेल्या बाईने एक्स-रेच्या आधी टेस्ट करणं यात चूक काहीच नाही. ते मी बघते.

आणि बघितलं त्यांनी. सगळ्यांना मेसेज केला की उद्या नऊ वाजता लघवीच्या तपासण्यांचं प्रॅक्टिकल, सॅम्पल प्रत्येकीने स्वतःचं द्यायचं, गैरहजेरी चालणार नाही. ताईंचा एक्स-रे अकराला होता. त्या आल्या, माझ्याशी न बोलता लांब बसल्या. मॅडमनी साखरेची, प्रोटीनची पट्टी दाखवली आणि मग जाता जाता म्हणावं तसं म्हणाल्या की प्रेग्नन्सी टेस्ट पण शिकून घ्या, वनिताचं सॅम्पल घेऊया.

ताईंनी मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. नाही म्हणाल्या नाहीत.

पट्टीवर पहिली रेघ आली. मग दुसरी — फिकट नाही, चांगली ठसठशीत. ताई कॉटच्या कडेला बसल्या. "परत करा," एवढंच म्हणाल्या. मॅडमनी दुसरं किट फोडलं. पुन्हा दोन रेघा. मॅडमनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग आम्ही सगळ्याजणी एकदम रडायला आणि हसायला लागलो. वर्गाचा आवाज ऐकून फिटनेसचे सर धावत वर आले, काय झालं विचारत.

एक्स-रे रद्द. ताईंचे मिस्टर शेतातून तसेच, चिखलाच्या पायांनी आले आणि आम्ही रिक्षाने सोनोग्राफीला गेलो. ताईंनी मला आत नेलं, हात सोडलाच नाही. अकरा आठवडे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी आवाज मोठा केला... तोच. बारीक, भरभर. पडद्यावर आकडा होता १६२. माझ्या वहीतल्या दोन आकड्यांच्या बरोबर मधला.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, बाळाचं रक्ताभिसरण वेगळं असतं, त्याचे ठोके आईच्या मनगटात येतच नाहीत, योगायोग समजा. मी मान डोलावली. पण योगायोग तीन दिवस सलग कसा होतो?

परत येताना रिक्षात ताईंचं मनगट पुन्हा धरलं. पूर्ण मिनिट मोजलं. ब्याऐंशी. एकच ठोका. दुसरा गेलेला. मी घाबरून पुन्हा बोटं ठेवली, मग आठवलं, आत्ताच तर पडद्यावर बघून आलो होतो.

पुढचे महिने ताईंनी जपून काढले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून काही आठवडे झोपून राहिल्या, कोर्सचं वर्ष वाया गेलं, त्यांनी पर्वा केली नाही. मुलगी झाली. वजन थोडं कमी, पण रडण्याचा आवाज असा की अख्खा वॉर्ड जागा.

आता मी विरारमधल्या एका हॉस्पिटलात कामाला आहे. रोज कितीतरी मनगटं हातात येतात, त्यात गरोदर बायाही असतात. प्रत्येक आकडा मशीनशी जुळतो. तसं पुन्हा कधीच झालं नाही. ब्रिजिट मॅडमना मध्यंतरी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाल्या, "चाळीस वर्षं नाड्या मोजल्या. हे मला शिकवता येणार नाही." इथे कोणी डॉक्टर असतील तर जरूर सांगा.

ताईंकडे मी महिन्यातून एकदा तरी जाते. मुलगी आता घरभर धावते. मी ओटीवर टेकले की ताई हात पुढे करून म्हणतात, "बघ गो, अजून कोन हाय का?" आणि स्वतःच खो खो हसतात. मीही हसते. पण हात धरते, आणि पंधरा सेकंद नाही... पूर्ण मिनिट मोजते.